पाहुण्याचं पापलेट

वरूडला समुद्र आठवड्यातून एकदा येतो, तोही वाळून. आठवडी बाजारात गूळवाले, मिरचीवाले, बांगडीवाले संपले की पार टोकाला गोणपाटावर सुकट, बोंबील आणि सोड्यांचे ढीग मांडलेले असतात. वारा त्या अंगाचा असला तर बाजारात पाय ठेवण्याआधीच कळतं. माझे वडील माळकरी होते. त्या ओळीपुढून जाताना ते धोतराचा सोगा नाकाला लावत आणि चाल वाढवत. आई मात्र तिथं हमखास रेंगाळायची. तिचं माहेर वर्धेच्या काठचं. घ्यायची काही नाही, नुसता भाव विचारायची. भाव विचारल्यानं माळ बाटत नाही, असं तिचं म्हणणं.

बाकी आमच्याकडचा मासा गोड्या पाण्याचा. भोयांनी नदीच्या डोहातून काढलेला मरळ नाहीतर वाम, आणि सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण १९९३ साली पुरं झाल्यापासून त्यातली रोहू-कतला. धरणाच्या पाण्याला नल-दमयंती सागर असं भारदस्त नाव आहे, पण सागरात मासा पकडला म्हणून तो घरात घेतील अशी आशा कोणी करू नये. अंगणात तीन विटांची चूल, त्यासाठीच ठेवलेलं जर्मनचं गंज, आणि खाऊन झाल्यावर राखेनं हात घासून मगच उंबऱ्याच्या आत पाय. वडिलांची माळ धाकट्या भावानं घातली. मी अंगणातच राहिलो.

पुतण्या वसईला एका कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याची दोस्ती जमली अर्नाळा किल्ल्यावरच्या एका पोराशी. किल्ल्यावरचा म्हणजे बेटावरचा. विरारपासून थोडं पुढं अर्नाळा, आणि तिथून समोर समुद्रात वैतरणेच्या मुखाशी हे बेट. त्यावर किल्ला आणि किल्ल्याच्या भोवती कोळ्यांचं गाव. पोरानं पुतण्याला जेवायला बोलावलं, पुतण्यानं मला. मी घरी सांगितलं तेव्हा आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"बेटावर? आन् पानी वाढलं म्हंजे?"

"रोजच वाढते आई ते. दिवसातून दोनदा."

हे ऐकून तिची काळजी दुप्पट झाली.

शेजारच्या भाऊसाहेबांना मात्र वेगळंच कुतूहल. त्यांच्या वावरात हजार फुटांवर बोअर गेलेला आहे आणि त्यातून येतं ते पाणी कमी, हवाच जास्त. आमचा तालुका भूजलाच्या हिशेबात डार्क झोनमध्ये आहे. इथं माणूस पोरीला स्थळ पाहायला गेला तरी आधी विहीर वाकून बघतो.

"चारही बाजूनं पानी म्हनता? मंग वलिताची मजाच असन."

"खारं असते ना ते."

"हात्तीच्या! म्हंजे आपल्या दर्यापूरसारखंच."

पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा ज्यानं पाहिला आहे, त्याला समुद्राचं नवल सांगून काही उपयोग नाही. विहीर तुडुंब आणि घोटभर पिववत नाही, हे वऱ्हाडी माणसाला घरबसल्या ठाऊक आहे.

रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. आंबिया बहार तोडणीला आला होता, म्हणून एक पेटी भरली. आता इथं बागेतली एक गोष्ट सांगायला पाहिजे. व्यापारी बागेत येतो आणि फळ निवडतो. मोठं, गोल, एकसारख्या रंगाचं, डाग नसलेलं, ते माल. ते कॅरेटमध्ये बसतं आणि दिल्लीला, कोलकात्याला, बांगलादेशाला जातं. किंवा जायचं, कारण बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत वाढवत २०२३ साली किलोमागे ८८ रुपयांपर्यंत नेलं आणि मग तिकडे जाणाऱ्या गाड्याही आटल्या. जे उरतं, लहान, वेडंवाकडं, पानाच्या घर्षणानं ओरखडलेलं, ती चुरी. चुरी घरी येते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चुरी खाऊन मोठे झालो, आणि खरं सांगायचं तर चुरीसारखं फळ नाही. साल पातळ, फोडी घट्ट, रस दाट. मोठं फळ बहुतेकदा पोपळं असतं. साल सुटलेली, आत हवा, दिसायला मात्र नवरदेव.

तरी मी पेटीत निवडून निवडून मोठीच भरली. एका हातात एक मावेल अशी. बायकोनं वरून पेटीला कागद लावला. पाहुणेर इज्जतीचा असतो, जिभेचा नसतो.

आमच्या स्टेशनचं नाव वरुड ऑरेंज सिटी असं आहे. पाटी वाचून ऊर भरून येतो, पण मुंबईची गाडी धरायला अमरावतीच गाठावी लागते. रात्रभर डब्यात माझ्या पेटीचा वास दरवळत होता आणि प्रत्येक जण उठता-बसता "कुठली हो?" विचारत होता. विरारच्या लोकलबद्दल मी काही लिहीत नाही. त्यावर पुष्कळ लोकांनी लिहिलं आहे आणि त्यातल्या कोणीही संत्र्याची पेटी डोक्यावर घेतलेली नव्हती.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मी गेलो तेव्हा होडीत बसायची रीत अशी, की पॅन्ट गुडघ्यावर दुमडायची, चपला हातात घ्यायच्या आणि सरळ समुद्रात चालू लागायचं. होडी तिथं डुलत उभी. कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन, पोरं दप्तरं पाठीला लावून, एक म्हातारबुवा दवाखान्याची पिशवी वर धरून, सगळे बस स्टँडवर चालावं तसे पाण्यात चालत होते. माझी पेटी नाखव्यानं खांद्यावर घेतली.

"संत्री? नागपूरची काय?"

आता हा आमच्या तालुक्याच्या काळजातला काटा आहे. बागा आमच्या, कलमा आमच्या शेंदुरजनाघाटच्या, आणि २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही नागपूर संत्रा या नावानं. याचं उत्तर माझ्याकडे बरंच मोठं होतं. पण गुडघाभर समुद्रात, लाट येताना, एका हातात चपला घेऊन माणूस हा वाद घालू शकत नाही. मी मान हलवली.

पलीकडे उतरलो तर आधी बोंबीलच दिसले. घरं, किल्ला, देऊळ, सगळं त्यांच्या मागे. बांबूच्या उभ्या-आडव्या वलांड्या आणि त्यांवर हजारोंनी बोंबील लटकलेले. त्यात एक युक्ती असते. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी काठीवर टाकायची. सुतळी नको, खिळा नको. वाऱ्यावर ती सगळी जोडपी एकमेकांचं तोंड धरून डोलत असतात. पुतण्याचं लग्न ठरत होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

त्या पोराचे वडील घ्यायला आले होते. दणकट, काळेसावळे, बोलणं कमी. मला वाटलं आता किल्ला दाखवतील. त्यांनी दाखवलाही, दरवाजावर कोरलेले हत्ती आणि वाघ, वरचा शिलालेख, १७३७ साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं ती हकीकत. पुढं चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेची ही सुरुवातीची पायरी. आमच्या वऱ्हाडात त्या काळी भोसले आणि निजाम दोघंही वसुली करत होते, तेव्हा किल्ला घेण्यापेक्षा धान्य लपवण्याकडे आमचं लक्ष असणार. पण तटाच्या आत शिरलो आणि मी इतिहास विसरलो. आत शेत होतं. भाजीपाल्याचे वाफे, आणि वाफ्यांना पाणी देणारी विहीर. मी पाणी ओंजळीत घेतलं, प्यालो. गोडं!

भोवती खारा समुद्र, मधे भिंत, भिंतीच्या आत गोडं पाणी, आणि तेही वाकलं की हाताला लागेल इतक्या वर. मी विहिरीच्या काठावरून हलेना. किती हात खोल, उन्हाळ्यात किती उतरतं, मोटर किती पॉवरची, सगळं विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं असावं. किल्ला बघायला येणारे लोक बुरुजावर उभं राहून फोटो काढतात, हा माणूस विहिरीत वाकून उसासे टाकतोय. भाऊसाहेबांना दाखवायला म्हणून मी फोटो काढला तो विहिरीचाच.

रात्री जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, भात, लालभडक कालवण, आणि माझ्या आणि पुतण्याच्या ताटात एकेक अख्खं पापलेट. ताटाच्या एका काठाला डोकं, दुसऱ्या काठाला शेपूट, मधे भाकरीला जागा नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं. राज्याचा मासा समोर आल्यावर बसून खावं की आधी उभं राहावं, असा मला क्षणभर प्रश्न पडला. खाल्लं. काटे मोजके, मांस लोण्यासारखं, चव अतिशय सभ्य. मी "वा, वा" म्हटलं. वऱ्हाडी माणूस तिखटाशिवाय कशाला मनापासून वा म्हणत नाही, पण पाहुणा होतो.

दोन घास झाल्यावर नजर यजमानाच्या ताटाकडे गेली. तिथं पापलेट नव्हतं. भाकरी होती आणि तिच्यावर काहीतरी बारीक, लालसर, कांद्यात परतलेलं. आतल्या दारातून दिसलं की आजी, वहिनी, पोरं, सगळ्यांच्या ताटात तेच.

"भाऊ, तुम्ही हे काय खाता?"

"काय नाय, जवला. आमचं रोजचं."

"मग पापलेट?"

"ते पाहुन्याला."

एवढ्यात आजी बाहेर आली. तिच्या हातात माझ्या पेटीतलं एक संत्रं होतं. तिनं ते तळहातावर तोललं, खालून वरून बघितलं, सोललं नाही.

"एवरं मोठं फल तुमी इकत नाय? घरी काय खाता?"

मी म्हटलं, "चुरी."

आणि मग चुरी म्हणजे काय ते सांगावं लागलं. व्यापारी, निवड, माल, उरलेलं. मी सांगत होतो आणि यजमान घास हातात धरून ऐकत होते. सांगून झालं तेव्हा त्यांनी एकदा माझ्या ताटाकडे, एकदा आपल्या ताटाकडे बघितलं आणि हसायला लागले. कमी बोलणारा माणूस हसायला लागला की सगळ्यांना आधी भीती वाटते, मग सगळे हसतात.

"म्हंजे तुमी आमाला इकायचा माल आनला, आनि आमी तुमाला इकायचा माल घातला. आनि दोगंही घरी चुरीच खातो."

मी ताट पुढं सरकवलं. म्हटलं, मला जवळाच द्या. वहिनी दारातून कडाडल्या. पाहुण्याला जवला घातला तर उद्या गावात तोंड कुठं दाखवू? बेट एवढंसं, रात्री कोणाच्या चुलीवर काय आहे ते वासावरून सगळ्यांना कळतं. पुतण्याला पापलेट चांगलंच लागलं होतं, तो माझ्याकडे डोळे वटारत होता. शेवटी असं ठरलं की आज पाहुण्यानं पाहुण्यासारखं जेवायचं. उद्या सकाळी, कोणी बघणारं नसताना, हवं ते मिळेल.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी विचार करत होतो. पिकवणारा उरलेलं खातो, यात नवं काही नाही. आमच्या यवतमाळकडे कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं टेरिकॉट होतं. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटं आहेत, तिथं कॉड मासा असाच लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर वाळवतात. वाळलेला चांगला मासा इटलीला जातो, डोकी नायजेरियाला जातात, आणि कॉडच्या जिभा कापायचं काम पोरांकडे, त्यातून त्यांचा खिसाखर्च सुटतो. पण बाजार उचलतो ते सगळ्यात चवदार असतंच असं नाही. बाजार उचलतो ते प्रवासाला टिकणारं आणि दिसायला बरं. ओल्या बोंबलात पाणीच इतकं, की जाळ्यातून काढल्यापासून तो मऊ पडायला लागतो. त्याला अमरावतीपर्यंत न्यायचं तर वाळवूनच न्यावं लागतं. वरूडच्या बाजारात येतो तो बोंबलाचा सांगाडा. बोंबील बेटावरच राहतो. पातळ सालीची चुरीही ट्रकमध्ये चार दिवस तग धरत नाही, म्हणून ती आमच्या पडवीत.

ही माझी थिअरी मी सकाळी वहिनींना सांगितली. मासा साफ करता करता त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "पैसं असतं तर आमी पन पापलेटच खाल्ला असता."

थिअरी तिथंच खाली ठेवली.

त्याआधी पहाट झाली होती, आणि पहाट म्हणण्यापेक्षा मध्यरात्र. बेटावर घड्याळ आहे पण वेळ भरतीची. डोल जाळं ज्यांचं आहे त्यांचा सगळा दिवस पाण्याच्या वळणावर बांधलेला. हे जाळं होडीमागे ओढत नाहीत. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधलेलं असतं. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं, आणि तोंड प्रवाहाकडे. पाणी धावतं, बोंबील, जवळा, मांदेली जे येईल ते आत ढकलत नेतं. पाणी थांबलं की जाऊन जाळं उचलायचं. ते थांबणं दुपारी दोनला असो की रात्री दोनला. तिथीप्रमाणे रोज वेळ पुढं सरकते, उधाणात जोर जास्त, भांगात कमी, आणि हे सगळं पंचांग त्या माणसाच्या पायात. दोनच्या सुमारास यजमान उठले, दिवा लावला नाही, टोपी शोधली आणि निघाले.

मीही जागाच होतो. आमच्याकडे शेतीची लाईन रात्री येते. ओलिताच्या दिवसांत बारा-एकला उठून, टॉर्च आणि काठी घेऊन, सापाला सांभाळत बागेत पाणी फिरवायचं. वीज किती वाजता येणार हे ठरवणारा चंद्र आमच्या पंचांगात नाही, त्यामुळे आमची अवस्था कोळ्यापेक्षा वाईट. त्याला निदान भरती चुकत नाही.

होडी परतली तेव्हा उजाडलं होतं. वाळूवर टोपल्या उलटल्या आणि बायका बसल्या. निवडायचं काम इतक्या झपाट्यानं चालतं की बघणाऱ्याला हात दिसत नाहीत, फक्त ढीग वाढताना दिसतात. चांगलं बाजूला, बर्फ, पाटी, आणि पहिल्या होडीनं पलीकडे. तिथून बस, विरार, लोकलचा लगेजचा डबा. विक्री बायकांची आणि पैसाही त्यांच्याच हातातला. पुरुष समुद्रातून घरी येतात, हिशेब द्यायला. आमच्या बायकोला हे मी परत गेल्यावर सांगितलं नाही.

मग चुरी वाढली गेली. खरोखरच दार लोटून. ओल्या बोंबलाचं चिंच घातलेलं कालवण, जे चावावंच लागत नाही. जवळा कांदा-मिरचीत परतलेला, खारट, किंचित गोड, दाताखाली बारीक करकरणारा. मांदेली तळलेली, सोनेरी, डोक्यासकट तोंडात टाकायची. इथपर्यंत मी सुखात होतो. मग करली आली.

करलीत मासा कमी आणि काटे जास्त आहेत. केसासारखे, दुहेरी, कुठूनही निघणारे. गोड्या पाण्याच्या माशाला काटे असतात, पण ते सरळ मनाचे असतात. मी पहिला घास घेतला आणि बोलणं बंद केलं. समोर सहा-सात वर्षांची नात बसली होती. ती करली खाता खाता बडबडत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून साफ केलेले काटे एकामागून एक बाहेर येत होते. बघता बघता तिला माझी दया आली. तिनं माझ्या ताटातला तुकडा ओढला, बोटांनी चार ठिकाणी दाबला, काटे काढून बाजूला ठेवले आणि गोळा करून माझ्या भाकरीवर ठेवला. पुढचं जेवण असंच झालं. पन्नाशी ओलांडलेला माणूस आणि भरवणारी सहा वर्षांची. आजीनं पदरात तोंड लपवलं होतं.

"आमच्याकडे ये," मी पोरीला म्हटलं, "तुला संत्र्याच्या बिया काढून देईन."

"त्या तर मीच काढीन," ती म्हणाली.

बेटाला समुद्र नुसता देत नाही. पश्चिमेच्या अंगाला लाटा जमीन खातात. तिथं घरं गेली आहेत, आणि धूप थांबवणाऱ्या बंधाऱ्याची मागणी जुनी आहे. यजमानांनी पाण्यात एका ठिकाणी बोट दाखवून सांगितलं, तिथं आमचा खला होता, बोंबील वाळवायचा. मी बघितलं, पाणी होतं. आमच्या तालुक्यात पाणी खाली जातं आणि झाडं वाळतात. लोकांनी उभ्या बागांवर जेसीबी घातलेत. मी ते त्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं थोडा वेळ तिथं उभे राहिलो. मग ते म्हणाले, चला, होडी सुटंल.

पुढं मृग बहार तोडणीला आला, तेव्हा ती मंडळी वरूडला आली. यजमान, वहिनी आणि ती नात. समुद्रावर तेव्हा काम होतं, पण पोराच्या दोस्ताचं लग्न म्हटल्यावर यावंच लागलं. लग्न पार पडलं आणि घरात वाद पेटला, की आता यांना आपल्याकडचं म्हणून काय घालायचं. आईचं मत रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, बागेत गोवऱ्या पेटवून, पंगत मांडून. माळकरी भावाचंही तेच. पण शेजारच्या भाऊसाहेबांना वाटलं की कोळ्याला वांगं घालणं हा अपमान आहे. ते मोटरसायकलवर सिंभोऱ्याकडे गेले आणि चांगला चार-पाच किलोचा कतला घेऊन आले, डोकं पिशवीबाहेर.

वहिनींनी मासा हातात घेतला, कल्ले उघडून बघितले, पोटावर बोट दाबलं. अंगणातली तीन विटांची चूल, जर्मनचं गंज, कांदा कुठं, चिंच कुठं, सगळं विचारून घेतलं आणि पदर खोचून स्वयंपाकाला बसल्या. उंबऱ्याच्या आत आई, बाहेर वहिनी. मधल्या लाकडावरून हळद-तिखटाची ने-आण. जेवताना मी यजमानांना विचारलं, कसा आहे आमचा मासा?

ते बराच वेळ चावत राहिले.

"म्हावरा चांगला हाय. फक्त त्याला कोनी मीठ सांगितलंच नाय."

रोडगे मात्र त्यांनी पोटभर खाल्ले, तूप ओतून, वांग्याच्या तर्रीनं नाकातून पाणी येईपर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर वहिनींनी रोडग्याची कृती आईकडून दोनदा विचारून घेतली. बेटावर गोवऱ्या कुठून आणणार, हे कोणी विचारलं नाही.

दुपारी दोघं बागेत बसलो. ते झाडाखाली बसून चुरी सोलत होते, एकीमागून एक, आणि धंद्याचं विचारत होते. भाव कोण ठरवतं? व्यापारी. बाग पाहून सौदा करतो, इसार देतो. आणि भाव पडला तर? तर इसार सोडतो आणि फिरकत नाही. फळ झाडावर? झाडावर, मग गळून खाली. ते मान हलवत होते. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. बर्फ, डिझेल, एक जून ते एकतीस जुलैची मासेमारीबंदी, आणि माल वाळूवर आला की बर्फ वितळायच्या आत मिळेल तो भाव. मी सांगितलं, फुलं यावीत म्हणून आम्ही झाडालाच ताण देतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत उपाशी ठेवायचं, मग एकदम पाणी सोडायचं. हे त्यांना फार पटलं. "आमालाही दोन महिनं तसाच ताण असते," ते म्हणाले, "फक्त फुलं येत नाय." त्यानंतर आम्ही दलाल या विषयावर आलो, आणि तिथं जे बोललो ते छापण्याजोगं नाही. नात बिया मोजत होती, तिनं सगळं ऐकलं.

निघताना पुन्हा तेच झालं. बायकोनं मोठ्या फळांची पेटी भरून, वर कागद लावून ठेवलेली. आणि यजमानांनी भावाकडून मागून घेतलेलं एक पोतं, चुरीनं भरलेलं. बायको म्हणाली, चुरी दिली तर लोक काय म्हणतील. ते म्हणाले, इथले लोक की तिथले? बराच वेळ घासाघीस होऊन दोन्ही न्यायचं ठरलं. पेटी वाटेत गाडीतल्या लोकांना वाटून टाकायची, पोतं घरी न्यायचं, असं त्यांनीच हिशेबानं ठरवलं.

चार दिवसांनी पुतण्याचा फोन आला. कल्याणपर्यंत पोतंच संपलं होतं. डब्यातल्या लोकांना चुरीची चव लागली आणि नातीनं स्वतःच्या हातानं वाटली. पेटी मात्र न फोडता बेटावर पोचली.

"मग ती तरी खाल्ली का?" मी विचारलं.

"नाही काका. आजीनं फळीवर ठेवलीय. म्हणते, कोणी पाहुणे आले तर."